पडलेल्या माणसाचं नाव

मास्तर, तुम्हाला एक बातमी द्यायची आहे. गिरणीचं धुराडं पाडलं. तुम्ही जाऊन एवढा काळ लोटला की मधलं सगळं सांगायला बसले तर नातीच्या हातातलं पेन झिजेल आणि माझं तोंड तसंच राहील, म्हणून मधलं सोडून देते. नदीवर नवा पूल झाला, रोह्याच्या बाजूला कंपन्या आल्या, अष्टमी गावात तुमच्या घराच्या जागी मोबाईलचं दुकान आहे, हे तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलंच असेल. इथून तिकडं माणसं सारखी जातच असतात. धुराड्याचं मात्र सांगितलं नसेल, कारण त्याचं कोणाला काय पडलंय, तुम्ही आणि मी सोडून? पाडलं, विटा लोकांनी नेल्या, आणि ते उभं होतं तिथं आता चौकोनी खड्डा आहे. पावसाचं पाणी त्यात साचून राहिलंय, कडेनं लव्हाळं उगवलंय, बेडूक आहेत. परवा मी त्याच्या काठाशी उभी राहिले आणि मला तुमचा आवाज आला. तुम्ही पडवीत बसून बायला, तुमच्या थोरल्या बहिणीला, सांगत होता तो, अगदी तसाच, मधे खोकला येऊन थांबणारा.

हे मी सांगतेय आणि नात लिहितेय. मला अक्षर येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? जन्मभर शाळा केलेले तुम्ही, निवृत्त होऊन घरी बसलात तरी खोड गेली नव्हती. माझ्यासाठी पाटी आणलीत, पेन्सिल टोकदार करून दिलीत, चुलीशेजारी पाट टाकून बसलात. त्यातून एवढं झालं की तुम्ही भाकरी थापायला शिकलात आणि माझा ‘ग’ काही उभा राहिला नाही. तुम्ही म्हणायचात, अक्षर आलं म्हणजे मेलेली माणसं बोलतात तुझ्याशी. मी म्हटलं, मास्तर, ती तशीही बोलतात, गप्प बसवायचं कसं ते शिकवा. तुम्ही हसला नाहीत. तेव्हा मला वाटलं, आपण थोरामोठ्यांपुढं जास्तच बोललो.

नातीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतंय, नाहीतर ती लिहिताना मधेच थांबून माझ्याकडं बघते. तर ऐक गो, आणि मास्तर, तुम्हीही ऐका. माझं सासर पेणच्या पलीकडं, खाडीकाठी. मिठागरं आणि खाजणातली भातशेती, दोन्ही दुसऱ्यांची. रोह्याला नवी भातगिरणी होतेय, धुराडं उंच बांधायचंय, माणसं हवीत, असं कळलं तेव्हा आम्ही नवराबायको निघालो. सासू म्हणाली, कामाला जाताय ते ठीक, पण पोराला खाली ठेव, वर नेऊ नको. पोरगं खालीच होतं, चिंचेला झोळी बांधून. मी चुना कालवायला होते. तो डोक्यावर विटांची पाटी घेऊन परांचीवर चढायचा, बांबू दोरीनं बांधलेले, वरची फळी पाऊल पडलं की वाकायची. धुराडं चढत गेलं तसा तो मला खालून बारीक बारीक दिसायला लागला. शेवटी शेवटी चालीवरूनच ओळखायची. एका सकाळी मी घमेलं उचलायला वाकले होते. वर बघितलं तेव्हा तो फळीवर नव्हता. विटा आधी पडल्या का तो आधी, ते मला अजून सांगता येत नाही. आवाज एकच आला.

ठेकेदार वाईट माणूस नव्हता. धावत आला, मला बाजूला बसवलं, नंतर लुगडंही दिलं. पण धावत येताना त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “किती फुटल्या बघा रे.” त्याला तरी काय बोल लावू, त्या विटा लांबून यायच्या, नदीतून, होडीनं. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं, कारण चुना कालवलेला होता आणि कालवलेला चुना कोणाची वाट बघत नाही. तो मीच कालवला होता. ज्या विटा धड राहिल्या होत्या त्या कोणीतरी नदीवर नेऊन धुतल्या आणि वर चढवल्या. धुराडं पुरं झालं. मी गावी परत गेले नाही. लोक विचारत, इथं कशाला राहतेस, रोज ते डोळ्यापुढं. मी सांगायची, तिकडं काय आहे? खरं म्हणजे त्या विटा कुठल्या थरात गेल्या ते मला बघायचं होतं. खालून काही कळत नाही. सगळ्या सारख्याच लाल.

तुमच्या घरी मला शेजारणीनं आणलं. म्हणाली, यहुदी मास्तर आहेत, आजोबा तेलाचा घाणा चालवायचे, अजून लोक शनवार तेलीच म्हणतात. थोरली विधवा बहीण घर बघते. शनिवारी त्यांना काडी ओढायची नसते, चूल पेटवायची नसते, म्हणून बाई हवी. मी म्हटलं, एक दिवस चूल न पेटवणारी माणसं मी आमच्यातही पुष्कळ बघितलीत, पण ती देवापायी नव्हे. बायला हे ऐकवलं तेव्हा ती इतकी हसली की मला लगेच कामाला ठेवलं. दूध आणि मटण एकत्र येऊ द्यायचं नाही, नारळाच्या दुधात सगळं करायचं, भांडी वेगळी, शुक्रवारी दिवेलागणीच्या आत सगळं आवरलेलं पाहिजे. हे मी भराभर शिकले. आणि पहिल्याच शुक्रवारी ती करणी केली.

शुक्रवारचा दिवा टांगायची पितळी साखळी आणि खालचं तबक काळं पडलं होतं. आमच्यात पितळ घासायचं ते चिंच लावून आणि विटेच्या भुकटीनं. चिंच तुमच्या घरात होती. वीट शोधायला लागले तर तुमच्या पुस्तकांच्या फळीवर, सगळ्यात वर, एक अर्धी वीट ठेवलेली. मला वाटलं, पुस्तकं घसरू नयेत म्हणून असेल. कोपरा फोडला, पाट्यावर वाटला, आणि तबक असं लख्ख केलं की त्यात माझं तोंड दिसलं. तुम्ही नमाजाला निघायचे कपडे घालून बाहेर आलात. तुमची प्रार्थनाही आमच्या लेखी नमाज आणि तिची जागा मशीद, तुम्ही स्वतःही मशीदच म्हणायचात. आधी तबक बघितलंत, मग पाटा बघितलात, मग फळीकडं बघितलंत.

“काय वाटलंस गो?”

“वीट.”

“कुठली?”

“फुटकीच होती, मास्तर. धड विटेला मी हात लावीन व्हय?”

तुम्ही मटकन उंबऱ्यावर बसलात. मला वाटलं, गेली नोकरी. आतून बाय आली, तिनं बघितलं, आणि पदर तोंडाला लावून भिंतीला टेकून हसायला लागली. म्हणाली, “बरं झालं. एवढी वर्षं ती मेली वीट घरात, आज पहिल्यांदा उपयोगी पडली.” पाट्यावर उरलेली भुकटी तुम्ही बोटानं गोळा केलीत आणि कागदात बांधलीत. चिंचेसकट. तसं शांतपणे केलेलं बघून मला रडू आलं. आमच्या लोकांचा राग आरडाओरडा करतो आणि संपतो. तुमचा नुसता पुडी बांधत होता.

मग दुसऱ्या दिवशी, चूल पेटवायला आले तेव्हा, तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत. की जग बुडवणाऱ्या पुराच्या मागून जगातली सगळी माणसं एका भाषेची होती. ती एका सपाट मुलखात आली. तिथं दगड नव्हता, म्हणून त्यांनी चिखलाच्या विटा पाडल्या, भाजल्या, चुन्याऐवजी डांबर लावलं आणि ठरवलं की आभाळाला टेकेल असा बुरूज बांधू, म्हणजे आपलं नाव राहील, नाहीतर आपण जगभर पांगून जाऊ. मी विचारलं, मग टेकला? तुम्ही म्हणालात, देव तो बघायला खाली उतरला. मी म्हटलं, म्हणजे काही फार उंच नसणार, नाहीतर त्याला बसल्या जागी दिसला असता. बाय म्हणाली, हिला शाळेत घालायला हवी होती. आणि तुम्ही म्हणालात, हेच आमच्या थोरल्या पंडितांनी म्हटलंय, पण त्यांनी दाढी वाढवून म्हटलंय.

देवानं त्यांच्या भाषा वेगळ्या केल्या. एकानं वीट मागितली तर दुसऱ्यानं डांबर दिलं. काम थांबलं, माणसं पांगली. ही वीट त्या बुरुजाची. तुमचा थोरला भाऊ पहिल्या मोठ्या लढाईत रेल्वेच्या कामावर बसऱ्याकडं गेला होता, तिथून आत, नदीकाठी, बाबेल म्हणजे ते बुरुजाचं शहर होतं तिथं गेला. लढाईआधी जर्मन लोक तिथं खणत होते. त्यांना बुरूज सापडला. म्हणजे काय सापडलं? चौकोनी चर आणि मधे मातीचा उंचवटा, चरात पाणी, पाण्यात लव्हाळं. विटा आसपासच्या गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नेल्या होत्या. घरं बांधली, बांध घातले, पायऱ्या केल्या. भावाला वाटेत एक अर्धी पडलेली मिळाली, ती त्यानं ट्रंकेत घालून आणली. आईला वाटलं, पोरगं परदेशातून काहीतरी आणतंय, आणि उघडलं तर वीट.

बायला हा खड्डा मुळीच पसंत नव्हता. ती म्हणायची, देवानं पाडलेला बुरूज आहे तो, त्याचे मोठमोठे तुकडे पडलेले असायला हवेत, खड्डा काय? तुम्ही म्हणायचात, पुस्तकात बुरूज पाडला असं लिहिलेलंच नाही, नीट वाच. बांधायचं थांबले, एवढंच लिहिलंय. पुस्तकही खरं आणि खड्डाही खरा. बाय म्हणायची, खणणाऱ्यांनी पुस्तक खोटं पाडायला खणलं. तुम्ही म्हणायचात, गो बाय, ते पुस्तक हातात घेऊनच गेले होते, नाहीतर कुठं खणायचं हे त्यांना कसं कळलं असतं? असं दोघं बहीणभाऊ भांडत बसायचे आणि मी तांदूळ निवडत ऐकायची. ज्या देशात मी कधी जाणार नाही तिथला एक खड्डा मला रोह्याच्या बाजारापेक्षा जास्त ओळखीचा झाला.

त्या विटेवर कोंबडीच्या पावलांसारखी अक्षरं होती, ठसा मारलेली. तुम्ही सांगितलंत, ते राजाचं नाव. आणि तो राजा कोण, तर ज्यानं तुमचं यरुशलेमचं देऊळ जाळलं आणि तुमची माणसं बांधून त्या मुलखात नेली, तोच. जुना बुरूज त्यानं पुन्हा चढवला होता. मी म्हटलं, मास्तर, वैऱ्याचं नाव फळीवर ठेवून त्याच्याखाली बसता तुम्ही? तेव्हा तुम्ही वीट उलटी केलीत आणि कडेला दाखवलंत. ओल्या विटेला कोणाचं तरी बोट लागलं होतं. नखासकट. “हा कोण ते कुठं लिहिलेलं नाय,” तुम्ही म्हणालात. “आमच्यातलाच कोणी धरून नेलेला असेल. नसेलही. मी ह्याच्यासाठी ठेवलीय ती.” आणि तुम्ही तुमचं बोट त्या खळीत ठेवलंत. मलाही ठेवायला सांगितलंत. मी ठेवलं आणि काढून घेतलं. खळी गार होती, आणि कोणीतरी आतून धरेल असं वाटलं.

आता तो दिवस. तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. सांगणाऱ्याला तो दिवस साधा असतो. मी शेगडीवर भाकरी भाजत होते, तुम्ही पडवीत बायला जुन्या पंडितांचं काही वाचून दाखवत होता. मला दिसत नव्हता, आवाज येत होता. बुरूज इतका उंच झाला, तुम्ही म्हणालात, की वीट वर पोचायला फार दिवस लागायचे. मग असं व्हायला लागलं की माणूस वरून पडून मेला तर कोणी वळून बघायचं नाही. पण वीट पडली तर सगळे खाली बसून रडायचे, की आता हिच्या जागी दुसरी कधी येणार.

माझी भाकरी करपली. धूर झाला तशी बाय आत आली, तिनं माझं तोंड बघितलं आणि जाऊन तुम्हाला म्हणाली, “अरे, हिचा नवरा धुराड्यावरनं पडला ना.” तुम्हाला ठाऊक होतं, पण ऐकलेलं ठाऊक असतं तसं. तुम्ही आत आलात, चष्मा हातात. मी विचारलं, मास्तर, हे केव्हाचं लिहिलंय? तुम्ही म्हणालात, फार जुनं. मी म्हटलं, मग ठेकेदारानं हे ऐकलेलं होतं का? तुम्ही मान हलवलीत. मी म्हटलं, आणि तो पडला त्याचं नाव काय लिहिलंय? तुम्ही म्हणालात, “नाव नाय लिहिलेलं.” मी म्हटलं, विटांवर आहे की. राजाचं. ज्याला पडायचंच नव्हतं त्याचं. करपलेली भाकरी मी बाजूला काढली, ती तुम्ही उचललीत आणि तीच खाल्लीत. मग विचारलंत, “तुझ्या नवऱ्याचं नाव काय गो?”

मास्तर, तुम्ही एवढे शिकलेले, पण हे विचारायचं नसतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. विधवेनं तर कुठल्या तोंडानं घ्यायचं? तुम्ही सांगितलंत, तुमच्या वडिलांच्या वर्षदिवशी गेलेल्यांची प्रार्थना होते, त्यात गेलेल्याचं नाव आणि त्याच्या आईचं नाव घ्यावं लागतं, नाव नसेल तर प्रार्थना कोणाला लागणार? त्यात तुम्ही त्याला घालणार होता. सासूचं नाव मी धडाधडा सांगितलं, त्याला काही आडकाठी नव्हती. त्याच्या नावापाशी अडले. शेवटी म्हटलं, गावदेवाचं नाव आहे. तुमचा चेहरा उजळला. म्हणालात, कळलं, कळलं. मला हायसं वाटलं.

पण तुम्ही रोह्याचे. तुमचा गावदेव रोह्याचा. मी म्हटलेला माझ्या सासरचा, खाडीकाठचा, ज्याच्या देवळाला धड कळसही नाही. वर्षदिवस आला. पेणहून आणलेले पोहे मी भिजवले, त्यात ओलं खोबरं, साखर, केळी, खजूर घालून तुमचा मलिदा केला, तबक धरून उभी राहिले. तेच तबक. तुमची भाषा मला कळत नव्हती, पण त्या न कळणाऱ्या शब्दांच्या गर्दीत सासूचं नाव ऐकलं, आणि त्याच्याआधी रोह्याच्या देवाचं. माझ्या सासूच्या पोटी तुम्ही भलताच मुलगा घातला होतात. मी तोंड उघडलं. आणि बघितलं तर तुम्ही रडत होता. चष्म्याखालून पाणी येऊन दाढीत जात होतं. अख्ख्या रोह्यात आणि अष्टमीत, ठेकेदार धरून, गवंडी धरून, गिरणीचे शेठ धरून, पडलेल्या माणसासाठी खाली बसून रडणारा मला एकच भेटला, आणि तो दुसऱ्याच नावानं रडत होता. सांगा मास्तर, मी काय म्हणायला हवं होतं? थांबा, नाव चुकलं, पहिल्यापासून रडा? मी तोंड मिटलं. बायनं ‘आमेन’ म्हटलं, तिच्या मागून मीही म्हटलं.

पुढच्या वर्षी सांगू, असं धरून चालले. पुढच्या वर्षी बाय निघाली. तुमच्यातली घरंच्या घरं निघाली होती, इस्रायलला. बाय म्हणाली, देवानं पांगवलं होतं, आता तोच गोळा करतोय, चल. तुम्ही म्हणालात, मी पांगलेलाच बरा आहे. ती रडली, भांडली, तुमचे सदरे ट्रंकेत भरले, तुम्ही काढले. जाताना तिनं माझ्या पोराच्या हातात खाऊ दिला आणि मला कानात म्हणाली, ह्याला शनिवारी गरम खायला घालत जा, देव बघून न बघितल्यासारखं करील. मग मशिदीत नमाजाला लागणारे दहा पुरुष जमेनात. वर्षदिवसाला पडवीत तुम्ही एकटे आणि तबक धरून मी. चुकीच्या नावाला आमेन म्हणणारं त्या गावात माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. दर वर्षी ऐकलं. दर वर्षी म्हटलं. मनाची समजूत घातली की पत्त्यात माणूस चुकला तरी आईचं नाव बरोबर आहे, आणि त्या बाईला लेक एकच, तर तिकडं कोणी शहाणा बसला असेल तर लावून घेईल.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मुंबईहून भाचा न्यायला आला होता. तुम्ही गेला नाहीत. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं. एका दुपारी मी पेज घेऊन आले तर वीट उशाशी, तुमच्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. म्हणालात, “ने.” मी म्हटलं, मी काय करू हिचं? तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, “पितळ घासायला होईल गो.” तुम्ही माझी अशी थट्टा कधी केली नव्हती. दुसरी करायला तुम्ही थांबलाच नाहीत.

ती वीट घरी आहे. तिनं मी कधी काही घासलं नाही, शपथ. धुराड्याची सावली मात्र घासत राहिली मला. माझं खोपट त्याच्या उगवतीला. हिवाळ्यात तिसऱ्या प्रहरी सावली नदीकडून निघायची, शेजारच्या परड्यातून सरकत माझ्या अंगणात यायची आणि जिथं मी निवडत बसलेली असेन तिथं येऊन पायांवर पडायची. ऊन असायचं दोन्ही बाजूंना, आणि मधे हा गार पट्टा, माणसाएवढा रुंद. मी पाय आखडून घ्यायची, वाट द्यायची. कधी बोलायची. आज भात कमी आहे, पोराला ताप आहे, असलंच. सून आली तिनं हे बघितलं आणि आपल्या माहेरी सांगितलं, सासू सावलीशी बोलते. मी तिला म्हटलं, तुझ्याशीही बोलते, त्याचं नाही सांगितलंस?

गिरणी केव्हाच बंद पडली होती. जागा विकली गेली, इमारत व्हायची होती. धुराडं वरून खाली, थराथरानं उतरवलं. मी रोज जाऊन बसायची. पोरं हसायची, आजीला टीव्ही नाय वाटतं घरात. विटा खाली आल्या तशा लोकांनी नेल्या. कोणी न्हाणीघर बांधलं, कोणी गोठ्याला पायरी केली, निडी गावचा एक जण टेम्पो भरून घेऊन गेला. मी प्रत्येक फेरी बघितली. कुठल्या विटेवर काय होतं ते आता देवालाही कळायचं नाही. आमच्या गल्लीत निम्म्या घरांना तो थोडा थोडा लागलाय. मीही एक मागून घेतली. का हीच? हाताला येईल ती घेतली. तुमच्या विटेशेजारी ठेवलीय. पायाचे दगडसुद्धा खणून नेले, आणि मग जागा घेणाऱ्या भावाभावांत भांडण लागून कोर्टात गेलं. एकाचं दुसऱ्याला कळेना. बांधायचं थांबले. पाऊस आला, खड्डा भरला. मी काठावर उभी राहून म्हटलं, मास्तर, बायला सांगा, तुमचा थोरला भाऊ खोटं बोलला नव्हता.

आणि मला वाटलं, आता त्याचं नाव घ्यावं. धुराडं नाही, सासू नाही, नावं ठेवणाऱ्या बायका नाहीत, मीही आज आहे उद्या नाही. रेशनवाला माझं पुरं नाव पुकारतो त्यात त्याचं नाव असतं, मुलाच्या कागदांवर असतं, नातीच्या शाळेत लावलं होतं म्हणे कुठंतरी. सगळ्या जगानं घेतलंय. मीच नाही. सकाळची वेळ होती, कोणी नव्हतं, एक बगळा होता. मी पदर सावरला, लाजले, ह्या वयात, आणि पाण्याकडं बघून तोंड उघडलं.

निघालं ते तुमचं. म्हणजे तुम्ही घेत होता ते. रोह्याच्या देवाचं. सासूच्या नावासकट, तुमच्याच चालीत. बगळा उडाला. मी खाली बसले आणि मला आधी हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. कारण बघा, मी त्या नावानं रडले, आणि ज्याच्यासाठी रडले तो मला दिसला. परांचीवर, चालीवरून ओळखू येणारा. तुमच्यापायी दोन नवऱ्यांची विधवा झाले मी मास्तर, आणि लग्नाचं जेवण एकदाच झालेलं. खरं नाव तेव्हाही घेतलं नाही. आत आहे. आहे ना, हे रोज एकदा मनात म्हणून बघते, आणि हल्ली ते पटकन येत नाही, दुसरं आधी येतं.

हे पत्र जायचं कुठं? नात म्हणते, यहुद्यांच्या दफनभूमीत जाऊ, तुमच्या दगडापाशी वाचून दाखवते. तिला म्हटलं, दगडावरची त्यांची लिपी तुला वाचता येत नाही, मला काहीच वाचता येत नाही, त्यात त्या माणसाला मेल्यावर कळायचं की जन्मभर कोणासाठी रडलो ते. नको. विटांपाशी ठेव, दोन्हींच्या मधे. मग ती म्हणाली, आजी, आजोबांचं नाव मला ठाऊक आहे, मी घालू का इथं? मी म्हटलं, घालू नको, जागा सोड. तिनं सोडलीय म्हणते. कुठं, ते मला दिसत नाही, सगळीकडं अक्षरंच अक्षरं. तिनं माझं बोट धरून तिथं नेलं. मी ठेवलं आणि ह्या वेळी काढून घेतलं नाही. तेवढी जागा गार लागली.